ओनीने वही कुणाला दिली

आमच्या खाणीच्या गावात ओनी हाल्मेइतका घुमा माणूस दुसरा नव्हता, आणि तुरुंगात गेला तो बोलल्यामुळे. ऐका तर.

अमेरिकेत, मिनेसोटातल्या आम्हा फिनिश लोकांचा एक हॉल होता. पुढे नाच, नाटक, कॉफी. मागच्या खोलीत कम्युनिस्ट पक्षाची बैठक. सभासदांची वही ओनी सांभाळायचा. नजर अधू झाली तेव्हा त्याने ती खाणावळवाल्या हिल्माकडे दिली. हिल्मा तीस वर्षं इथे राबली, पण नागरिकत्वाचे कागद तिने कधी केलेच नाहीत. तिचं नाव फुटलं की तिला जहाजात बसवून परत धाडणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

बावन्न साली कम्युनिस्ट हुडकणारी संसदेची चौकशी समिती जवळच्या डुलुथ शहरात आली. ओनीला बोलावणं आलं, वहीसकट.

त्याच्या वकिलाने त्याला घरी स्वयंपाकघरात बसवून पढवलं. "हाल्मे, नाव-पत्ता सांगायचा. पुढे काहीही विचारलं तरी एकच: माझंच बोलणं माझ्यावर उलटेल, म्हणून कायद्याप्रमाणे उत्तर देत नाही."

"पक्षात होतो का, असं विचारलं तर?"

"तेच."

"होतो की मी. लपवू कशाला? चोर आहे का?"

त्याची बायको लेम्पी भांडी घासता घासता म्हणाली, "बत्तीस वर्षांत माझ्याशी धड दहा वाक्यं बोलला नाहीस. तिथेच बरी जीभ सुटतेय तुझी."

सुनावणीला मी मागच्या बाकावर होतो. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही पक्षाचे सभासद होता?"

वकिलाने कोपर मारलं. ओनी म्हणाला, "होतो."

"वही तुमच्याकडे होती?"

"सहा वर्षं. एक पान फाटू दिलं नाही."

हे त्याने इतक्या तोऱ्यात सांगितलं की मला हसू आलं. वकिलाने डोळे मिटले.

"मग दिलीत कुणाला?"

"आता ते कायद्याप्रमाणे..."

"आता नाही चालायचं. स्वतःबद्दल बोललात, तिथेच तो हक्क संपला. कुणाला दिलीत?"

"माझं मी सांगितलं, साहेब. दुसऱ्याचं नाव माझ्या मालकीचं नाही."

चार वेळा विचारलं. चारही वेळा तो टेबलाकडे बघत राहिला. कोर्टाने समितीच्या अवमानाबद्दल एक वर्ष तुरुंग दिला. वकील म्हणाला, पहिल्याच प्रश्नाला गप्प बसता, तर रात्री घरी जेवता.

चार महिन्यांनी हिल्माकडे दोन अंमलदार आले. ती राय नावाच्या धान्याच्या पिठाचे पाव भाजत होती. "एवढा घाणा होऊ द्या," म्हणाली. ते बसले, एकाने गरम पाव लोण्याबरोबर खाल्लाही, आणि मग तिला घेऊन गेले. आमच्याच हॉलमधल्या कुणीतरी ओनीच्या साक्षीआधी वर्षभर तिचं नाव देऊन ठेवलं होतं. समितीला ते फक्त ओनीच्या तोंडून वदवायचं होतं.

लेम्पीला लिहवेना, म्हणून मीच ओनीला कळवलं. उलट टपाली एकच ओळ आली: "माझ्या तोंडून गेलं नाही ना?"

मी लिहिलं, नाही, आपल्याच हॉलमधल्या कुणीतरी ते आधीच दिलं होतं. पुढचे आठ महिने, सुटेपर्यंत, त्याने गावात कुणालाच पत्र धाडलं नाही.