खुनी कारकुनाचा आवाज

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग ऐका. ही फजिती मी चारचौघांत सांगते तेव्हा स्वतःच्या सोयीने सांगते. आज पूर्ण सांगते.

मालिकेत दोन वर्षं मी नायिकेची जाऊ होते. काम काय, तर ट्रे घेऊन दारात उभं राहायचं आणि संशयाने बघायचं. मग माझ्या पात्राला दुबईला पाठवलं आणि मालिका माझ्याशिवाय सुखाने चालू राहिली. त्यानंतर नाटकाचे दौरे केले. तिथे शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज कमावला, त्या आवाजावर ऑडिओबुकचं काम मिळवलं आणि सिल्वासाला, टोकरखाड्यातल्या आमच्या घरी आले. आईच्या कपाटात, साड्यांच्या मध्ये माइक लावला. बाहेरचा आवाज अडवायला साड्यांसारखं दुसरं काही नाही.

पहिलंच पुस्तक रहस्यकथा. मुंबईहून रेकॉर्डिस्ट मंदारचा फोन आला, "मॅडम, पुस्तक पूर्ण वाचलंय ना?"

"दोनदा," मी म्हटलं.

एकदाही नाही. अहो, मालिकेत सीन सेटवर हातात पडतो. पुढे काय होणार हे लेखकालाही माहीत नसतं, मग मला कशाला हवं?

दुसऱ्या प्रकरणात एक कारकून आला आणि दोन वाक्यं बोलून गेला. किरकोळ माणूस दिसतोय, म्हटलं, देऊन टाकू कुणाचा तरी आवाज. मी पप्पांचा दिला.

पप्पा म्हणजे मूळचे राजापूरकडचे, इथल्या सरकारी मराठी शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवणारे सर. वाक्याआधी दोनदा खाकरतात, जोरात सुरू करतात आणि शेवट इतक्या हळू करतात की अख्खा वर्ग पुढे वाकतो. गावातली निम्मी मराठी माणसं अशी वाकूनच मोठी झाली आहेत. ऑडिओबुक म्हणजे आळशांचं वाचन, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे ते ऐकणार नाहीत याची मला खात्री होती.

मी रोज एक प्रकरण पाठवायची, कंपनी ते लगेच ॲपवर टाकायची. कारकून पुन्हा पुन्हा येत राहिला. आणि बाविसाव्या प्रकरणात त्याने कबुलीजबाब दिला. तीन खून, चार पानं.

साड्यांमध्ये बसल्याबसल्या मला घाम फुटला.

"मंदार, कारकुनाचा आवाज बदलायचाय."

"काहीतरीच काय? एकवीस प्रकरणं लोकांनी ऐकलीत. आणि काय डोकं लढवलंत तुम्ही. इतका सज्जन, मास्तरी आवाज दिलात की कुणाला संशयच आला नाही."

"हो ना," मी म्हटलं. "मुद्दामच."

लोकांना तो खुनी भलताच आवडला. कंपनीने आणखी तीन पुस्तकं दिली. मी हवेत.

पण एक दिवस बाजारात पप्पांचा जुना विद्यार्थी भेटला. मूळचा नंदुरबारचा, आता खडोलीच्या कारखान्यात पॅकिंगला.

"ताई, लाइनवर आम्ही सगळे ऐकतो ना. कबुलीजबाब सुरू झाला तं माझा हात आपोआप पुढे आला. म्हटलं, आता छडी बसते."

"सरांना सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? सगळ्यांनाच माहीत आहे वो."

एवढ्यात मराठी मंडळाने माझा सत्कार ठरवला. अध्यक्षकाका म्हणाले, "गौरी, तोच कबुलीजबाब वाचायचा. सर पहिल्या रांगेत."

"काका, दुसरं काही वाचते ना."

"पत्रिका छापून झाली."

आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांचं हे असं. आधी छापतात, मग विचारतात.

म्हणजे आता पप्पा ऐकणार, तेही गावासमोर. कार्यक्रमानंतर घरात राहायला मिळणार की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. कार्यक्रमाच्या दिवशी पप्पा समोर, इस्त्रीचा शर्ट, हाताची घडी. मी दोनदा खाकरले. अख्खं सभागृह पुढे वाकलं, आणि आपण वाकलोय हे लक्षात येताच हसत सुटलं. मी थांबले नाही. पहिला खून, दुसरा खून. तिसऱ्यापर्यंत कुणी हसत नव्हतं. शेवटचं वाक्य मी कुजबुजले, आणि मग टाळ्या अशा पडल्या की मालिकेतली दोन वर्षं वसूल झाली. सगळे उभे. बसून होते ते फक्त पप्पा.

घरी निघालो. स्कूटरवर मी मागे. अर्ध्या वाटेत त्यांनी स्कूटर कडेला घेतली आणि दोनदा खाकरले.

"आवाज माझा होता."

"हो, पप्पा."

"उत्तम केलास. अगदी श्वासासकट."

माझे डोळे भरून आले. अठ्ठावीस वर्षांत 'उत्तम' हा शेरा त्यांनी अशा किती मोजक्या वह्यांवर दिला असेल?

"मी सगळी प्रकरणं ऐकली आहेत," ते म्हणाले. "तुझी आई लावून देते. नवव्या प्रकरणात तो म्हणतो, मी विहिरीकडे जात नाही. ते तू हसत वाचलंस. विहिरीत काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो ते हसत वाचत नाही." आवाज खाली गेला. मी पुढे वाकले. "पुस्तक न वाचता वर्गात आली होतीस."

आता मंदार रोज फोन करतो, नव्या पुस्तकाचं रेकॉर्डिंग कधी सुरू करताय? मी रुबाबात सांगते, अभ्यास चाललाय. खरं काय सांगू? पप्पांनी त्या नव्या पुस्तकावर माझी तोंडी परीक्षा घेतली, मी नापास झाले, आणि फेरपरीक्षा सोमवारी आहे.