समोरच्या खुर्चीसाठी पुस्तक

नव्वदच्या दशकात शिरोलीच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटली, की मी वाचनालयात जायचो. वाचायचो काय, तर पेपरातलं कुस्तीचं पान. तिथं खिडकीपाशी एक म्हातारे मुसलमान गृहस्थ रोज एकटे बसलेले असत. आपल्यापुढं एका तत्त्वज्ञ शायराचं फारसीतून उर्दूत आलेलं पुस्तक, आणि टेबलापलीकडं, रिकाम्या खुर्चीकडं तोंड करून, एका जर्मन कवीचं इंग्रजीत आलेलं पुस्तक उघडून ठेवायचे. पान उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचं घर.

एकदा कुठंच जागा नव्हती.

"हितं कोण येणार हाय काय?" मी विचारलं.

"न्हाय. बसा की, पावणं."

मी बसलो आणि माझ्यापुढच्या पुस्तकाकडं बोट केलं.

"आमच्या शायरानं ह्याच्या कवितांना उत्तर म्हणून अख्खं पुस्तक लिवलं. तवा ह्यो मरून जमाना झालता! मोहल्ल्यात म्हणत्यात, आपल्या शायराचं गोऱ्यावाचून काय नडलंय? हितं म्हणत्यात, शायर तुमचा, तुम्हीच वाचा. मग बोलायचं कुणासंगं?"

एवढं बोलून त्यांनी ते जर्मन कवीचं पुस्तक हलकेच मिटलं.

"आता तुम्ही आलाय. ह्याची गरज न्हाय."

मग एकेक शेर वाचून अर्थ सांगू लागले. मला धड कळत नव्हतं, तरी मान हलवत होतो. उचगावच्या गाडीची वेळ झाली तसा उठलो.

दारातून सहज मागं पाहिलं. मिटलेलं ते पुस्तक त्यांनी पुन्हा उघडलं होतं, आणि माझ्या खुर्चीकडं तोंड करून नीट लावत होते.