बाबांचे कार्बोरेटर उतरवले तेव्हा

माझ्या बाबांची गाडी विलायती आहे, दोन सीटांची, उघड्या टपाची आणि वयाने माझ्याहून मोठी. देवळालीच्या एका निवृत्त लष्करी साहेबांकडून त्यांनी ती लग्नाच्या आधी घेतली. त्यामुळे आई तिला ‘थोरली’ म्हणते. घरात आम्ही माणसं तीन आणि गाडीत जागा दोघांना, म्हणून लहानपणी मी आईच्या मांडीवर बसायचे आणि मोठी झाल्यावर स्कूटरवरून मागे मागे जायचे. मागे जाण्यात शहाणपणही होतं, कारण गाडी बंद पडली की आईला स्कूटरवर घेऊन पुढे जाता यायचं. बाबा गाडीजवळ थांबायचे. त्यांचं काही वाईट वाटायचं नाही, कारण ते खुशीत असायचे.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. पाणी किती, कुठे आणि कधी सोडायचं यात त्यांची नोकरीची वर्षं गेली, आणि निवृत्त झाल्यावर तेच काम ते पेट्रोलबाबत करू लागले. त्या गाडीच्या इंजिनाला हवेत पेट्रोल मिसळून देणारे दोन कार्बोरेटर होते, शेजारी शेजारी, डोक्यावर घंटेसारख्या टोप्या घातलेले. दोघांनी सारखीच हवा ओढायला हवी, नाहीतर इंजिन लंगडतं. ते सारखं करायची बाबांची पद्धत अशी, की रबरी नळीचं एक टोक कानात घालायचं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि डोळे मिटून फुसफुस ऐकायची. मग दुसऱ्याची ऐकायची. मग स्क्रू जरासा फिरवायचा आणि परत पहिल्यापासून.

हा कार्यक्रम दर रविवारी सकाळी चालायचा. त्या वेळात स्वयंपाकघरात मिक्सर लावायला बंदी होती. आई खलबत्त्यात चटणी कुटायला बसली, तर बाबा खालून खिडकीकडे बघून ओरडायचे, “अगं, थांब जरा! डावा जास्त ओढतोय!”

“ओढू दे,” आई म्हणायची. “उजव्याला सांगा, समजून घे म्हणावं.”

प्रकरण पेटलं ते येवल्याच्या वाटेवर. नामपूरच्या माझ्या मामाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि आईने तिच्यासाठी येवल्याच्या विणकराकडे पैठणी सांगून ठेवली होती. ऐन मे महिन्यात साडी तयार झाल्याचा फोन आला. मी कामावर होते. अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांची वायरिंग आणि त्यांना चालवणारे छोटे संगणक बसवायचं काम मी करते. त्यामुळे आई-बाबा दोघंच थोरलीतून गेले. दुपारी मला आईचा फोन आला.

“मी विंचूरजवळ आहे. कांद्यावर.”

“कशावर?”

“कांद्यावर गं! ट्रॅक्टरमध्ये!”

झालं होतं असं, की परत येताना उन्हाने कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळलं आणि गाडीने मान टाकली. बाबांनी शांतपणे टॉवेल भिजवून गाडीच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ठेवला, नळी काढली आणि बाभळीखाली बसले. “निवली की निघू,” म्हणाले. आईने बराच वेळ वाट पाहिली. गाडी निवली नाही, आई मात्र तापली. तेवढ्यात कांद्याची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर निफाडकडे निघाला होता. चालवणारा म्हणाला, “काकू, वर बसा. लय मऊ नाय, पण पोचाल.”

आई नवी पैठणी उराशी धरून कांद्याच्या गोण्यांवर बसली आणि निफाडला उतरून बसने घरी आली. बाबा संध्याकाळी आले, हसतमुखाने. “बघ, चालू झाली की नाही?” असं ते दारातूनच म्हणाले, आणि ते म्हणायला नको होतं.

आईचं माहेर नामपूरचं. एरवी ती आमच्यासारखंच बोलते, पण राग आला की अहिराणीत जाते. “हाई गाडी शे का भंगार शे?” तिने विचारलं आणि पैठणी बाल्कनीत वाळत घातली. साडीला कांद्याचा असा वास लागला होता, की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खाली डोकावून विचारलं, “आज भजी का?”

त्या रात्रीच्या जेवणात मी विषय काढला. कार्बोरेटर काढून टाकू, फ्युएल इंजेक्शन बसवू. पेट्रोल उकळायचा प्रश्नच नाही, एक छोटा संगणक ठरवेल किती पेट्रोल फवारायचं ते.

“इंजेक्शन?” बाबा म्हणाले. “का, आजारी आहे का ती?”

“हो,” आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “वाढ भाजी.”

बाबांनी काही दिवस घेतले. मग अटी सांगितल्या. पत्र्याला एकही नवं भोक पडता कामा नये, काढलेली एकही वस्तू टाकायची नाही, आणि प्रत्येक वेळी ते स्वतः हजर राहणार. आम्ही सगळं कबूल केलं.

पावसाळाभर मी सुट्टीच्या दिवशी गाडीखाली होते. टाकीशी जास्त दाबाचा पंप आला, एका मोटरसायकलचे हवा आत सोडणारे दरवाजे कार्बोरेटरच्या जागी बसले, त्यांत पेट्रोल फवारणाऱ्या बारीक सुया आल्या, सायलेन्सरच्या नळीत धूर तपासणारा सेन्सर आला. बाबा स्टुलावर बसून प्रत्येक गोष्टीला विचारायचे, “आणि हे बिघडलं तर?” मी उत्तर दिलं की ते समाधानाने मान हलवायचे. बिघडू शकतं, एवढं ऐकलं तरी त्यांना धीर यायचा.

मग कार्बोरेटर उतरवायचा दिवस आला. दोन्ही कार्बोरेटर बाबांनी आईच्या पितळी परातीत रॉकेल घालून धुतले, चिंचेने टोप्या घासल्या आणि बैठकीतल्या शोकेसच्या उघड्या कप्प्यात ठेवून दिले. परातीवरून जे व्हायचं ते झालं. मात्र टोप्या अशा चकाकत होत्या, की आईनेही ते तिथेच राहू दिले.

मग गौरी आल्या. देवळ्याहून माझी आत्या आली होती. तिचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. घरात हळदीकुंकवाला बायकांची गर्दी. आत्या बैठकीत आली, समोर जोडीने उभ्या असलेल्या, सोनेरी मुकुटांच्या दोन मूर्ती तिला दिसल्या. तिने दोघींना हळदकुंकू लावलं, शेवंतीची फुलं वाहिली आणि डोकं टेकवलं. तिच्यामागच्या बायकांनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, या घरात अशीच पद्धत असेल. त्यांनीही लावलं. खऱ्या गौरी आतल्या खोलीत होत्या, तिथपर्यंत जायच्या आधीच निम्म्या बायकांचं दर्शन आटोपलं.

बाबा बाहेरून आले. शोकेससमोर थांबले. दोन्ही कार्बोरेटर कुंकवाने लाल झालेले. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि आईला विचारलं, “नैवेद्य दाखवला का?”

“पेट्रोलात पुरणपोळी भिजवून देते,” आई म्हणाली. “तुम्हालाच.”

गौरी गेल्यावर आम्ही गाडी पहिल्यांदा चालू करून पाहिली. मी लॅपटॉप घेऊन शेजारच्या सीटवर, बाबा चालकाच्या जागी, आई दूर जिन्यात. बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा गुरगुरलं आणि मग सायलेन्सरमधून असा बार निघाला, की झाडावरचे कावळे उडाले, खालच्या दोन स्कूटरचे भोंगे आपोआप वाजू लागले आणि सोसायटीचे अध्यक्ष बनियनवर धावत आले.

“कुणाची वरात आहे?” त्यांनी विचारलं.

चूक माझीच होती. ठिणगी कधी टाकायची हे संगणकाला कळावं म्हणून इंजिनाच्या पुढच्या चाकावर दात असलेली चकती बसवतात. मी मोजणी चुकीच्या दातापासून धरली होती. मी आकडा बदलला. अध्यक्षांनी कानांवर हात ठेवले. बाबांनी पुन्हा किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. खोकली नाही, थरथरली नाही, चोक ओढावा लागला नाही. नुसती चालू झाली आणि चालत राहिली.

मी बाबांकडे पाहिलं. ते पडलेल्या चेहऱ्याने बसले होते.

“झालं?” ते म्हणाले.

“झालं.”

“मग आता मी काय करू?”

पुढचा रविवार घरात फार कठीण गेला. बाबा सकाळी बॉनेट उघडून उभे राहिले, नळी कानात घातली, इकडेतिकडे लावून पाहिली. आईने मुद्दाम मिक्सर लावला. दाण्याचं कूट झालं, खोबरं झालं, मग काही गरज नसताना तिने डाळही फिरवली. बाबा वर आले आणि पेपर वाचत बसले. तो चेहरा मला बघवेना, म्हणून मी त्यांना लॅपटॉप दाखवला. किती वेगाला, किती भाराला किती पेट्रोल द्यायचं, याचा आकड्यांचा तक्ता त्यावर होता. एकेक चौकोन बदलता यायचा.

बाबांनी चष्मा लावला. “म्हणजे हे सगळं बदलता येतं?”

मी हो म्हणाले. त्या क्षणी आपण काय करून बसलोय हे माझ्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर मी चालक झाले आणि बाबा लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसू लागले. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर आम्ही एकाच तुकड्यावर येऱ्याझाऱ्या घालायचो. “तिसऱ्यात ठेव. सोड. दाब. सोड म्हटलं ना!” एकदा एका हवालदाराने हात केला. आमची उलटसुलट ये-जा तो बराच वेळ पाहत असावा.

“काय चाललंय, काका?”

बाबा स्क्रीनवरून डोळे न काढता म्हणाले, “गरीब झालंय साहेब. श्रीमंत करतोय.”

“कुणाला?”

“मिश्रणाला.”

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने सांगितलं, की हवा आणि पेट्रोलाचं मिश्रण आहे, पेट्रोल कमी पडलं की त्याला गरीब म्हणतात, जास्त झालं की श्रीमंत. त्याने बाजूला उभ्या केलेल्या आपल्या मोटरसायकलकडे पाहिलं. मग म्हणाला, “माझी मोटरसायकल सकाळी लवकर चालू होत नाय. ती गरीब असंल का?”

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी लॅपटॉप मला दिला, खिशातून नळी काढली आणि हवालदाराच्या मोटरसायकलपुढे उकिडवे बसले. ती जुनी होती, कार्बोरेटरवाली. मग हवालदारही कानात नळी घालून ऐकू लागला. रस्त्यावरून जाणारे लोक आपसूक वेग कमी करत होते.

आकडे जमले आणि गाडी खरोखर गुणी झाली. पण एक गोष्ट आमच्या दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. इतकी वर्षं ती गाडी बाबांची होती, कारण ती फक्त बाबांनाच चालू करता यायची. आता ती कुणालाही चालू व्हायची. एका सकाळी खाली इंजिनाचा आवाज आला, बाबा चहा पीत होते, मी केस विंचरत होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाल्कनीतून खाली डोकावलं, तर आई टप उघडा टाकून, डोक्याला रुमाल बांधून फाटकातून बाहेर पडत होती. परवाना तिच्याकडे पहिल्यापासून होताच.

“कुठे निघालीस?” बाबा ओरडले.

“कोथिंबीर!” आई ओरडली.

कोथिंबिरीला दोन तास लागले. दुसऱ्या दिवशी आलं संपलं. मग भिशीच्या मैत्रिणींना पाळीपाळीने कॉलेज रोडवर फिरवणं सुरू झालं. बाबा जिन्यात बसून वाट बघायचे आणि गाडी आली की आधी बॉनेटला हात लावायचे.

तुळशीच्या लग्नानंतर मामाकडचं कार्य आलं. आईने जाहीर केलं, की ती आणि मावशी गाडीने नामपूरला जाणार. दोन सीटा, दोघी बहिणी, हिशेब सरळ होता. बाबा आणि मी एसटीने. सगळ्या वाटेत बाबा खिडकीतून मागे बघत होते. सटाण्याच्या अलीकडे त्या आम्हाला मागे टाकून गेल्या. मावशीने उभं राहून हात हलवला. बाबांनी माझा दंड धरला.

“चढावर जरा गरीब वाटली का गं?”

आम्ही मांडवात पोचलो तेव्हा गाडीभोवती निम्मं गाव होतं. एका म्हाताऱ्या आजींनी बॉनेटवर काठी टेकवून विचारलं, “कोनी शे हाई गाडी?”

बाबा पुढे सरसावले. पण आई जवळ होती.

“मनी शे,” ती म्हणाली आणि किल्ली कमरेला खोचली.

बाबा आजींना सेन्सर कुठे बसवलाय ते वाकून दाखवू लागले. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि जेवायला कोणती पंगत आहे ते विचारलं. मामेबहीण पैठणीत छान दिसत होती.

मावशी माहेरी आणखी राहणार होती, म्हणून परतीला एक सीट मोकळी झाली. आईने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाली, “चला, बसा. पण रस्ताभर काही ऐकायचं नाही. इंजिनाचं नाही आणि मागच्या गाड्यांचंही नाही. माझं ऐकायचं.” बाबा लहान मुलासारखे टुणकन आत बसले. मी लाडवांचा डबा घेऊन स्टँडवर गेले. सटाण्यापर्यंत उभी होते, मग खिडकी मिळाली.