गाडी लागंल

चष्मा कपाळावर सरकवायचा, माइकमध्ये दोनदा फुंकर मारायची आणि खिडकीशी आलेल्या माणसाकडं न बघताच म्हणायचं, "लागंल." पाथर्डीच्या स्टँडवर नगरची गाडी कधी येणार, याला आमच्या कंट्रोलर काकांचं एवढंच उत्तर असे. "पण किती वाजता?" "लागंल म्हनलं ना. बसा." असा माणूस तुमच्याही स्टँडवर असणार, आणि तुम्हीही त्याच्यावर मनातल्या मनात चरफडला असाल. मी नुसती चरफडून थांबले नाही. मी ॲप काढलं.

तेही पुण्यातली नोकरी सोडून, एकटीनं. स्टँडच्या गेटसमोर वडिलांचं झेरॉक्सचं दुकान, त्यात मशिनच्या मागं माझं टेबल. गाडीत बसलेल्यानं "मी गाडीत आहे" हे बटण दाबायचं, की त्याच्या मोबाईलवरून गाडी कुठवर आली ते पुढं वाट बघणाऱ्यांना कळणार. उतरताना "उतरलो" दाबायचं, बस. कोड मी लिहायचा, चुका मी शोधायच्या, लोकांना हातापाया पडून ॲप घ्यायला मी लावायचं. आणि शिव्या? त्याही मीच खायच्या, दुसरं होतं कोण?

"काय इंजिनीअर बाई," दुकानासमोर चहाला आले की काका विचारत, "तुझ्या मोबाईलनं गाडी आनली का?"

"गाडी नाही काका, वेळ."

"येळ आनून काय करायची? बसायला गाडीच लागती."

माझं डोकंच फिरायचं. बरं, या माणसाला सगळं ठाऊक. कुठली गाडी कुठं रेंगाळते, कुठला ड्रायव्हर कुठल्या फाट्यावर पाणी प्यायला थांबतो, सगळं तोंडपाठ. पण खिडकीतून बाहेर यायचं ते एकच, लागंल.

मग एका सोमवारी सकाळी एक मुलगी वडिलांबरोबर स्टँडवर आली. नगरला तिची नर्सिंगची परीक्षा होती. वडिलांच्या मोबाईलमध्ये माझं ॲप, आणि ॲप सांगत होतं, गाडीला अजून चाळीस मिनिटं. पोरीच्या पोटात काही नाही म्हणून बाप तिला बाजारात नाश्त्याला घेऊन गेला. दहा मिनिटांत गाडी लागली आणि निघूनही गेली.

झालं होतं असं की, त्या गाडीत माझं ॲप चालू ठेवलेला एकच माणूस होता. तो बराच मागं एका फाट्यावर उतरला, "उतरलो" दाबलं नाही, आणि घरी जाऊन जेवायला बसला. माझ्या ॲपला वाटलं, गाडीच त्याच्या ओसरीवर मुक्कामाला गेली. काकांनी केबिनमधून पळत जाऊन एक कांद्याचा टेम्पो अडवला, दोघांना त्यात बसवलं. पण ते पोचेपर्यंत परीक्षेचं गेट बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील दुकानात आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता मोबाईल पुढं केला. "ताई, हे तेवढं काढून द्या. मला काढता येत न्हाई."

मी माझ्या हातानं माझं ॲप काढून टाकलं. ते गेल्यावर मी झेरॉक्स मशिनच्या मागं बसून ढसाढसा रडले. पोरीचं वर्ष गेलं होतं, आणि ते माझ्यामुळं.

काका चहा घेऊन आत आले, स्टुलावर बसले.

"मला काय येळ सांगता येत न्हाई व्हय?" ते म्हणाले. "पन येळ सांगितली की मानूस उठून जातं. कुनी चहाला, कुनी बाजारात. अन् गाडी तेवढ्यात येऊन जाती. लागंल म्हनलं की चिडतं, शिव्या देतं, पन बसून ऱ्हातं. बसलेल्याची गाडी चुकत न्हाई, पोरी."

"मग हे आधी का नाही सांगितलं?" मी त्यांच्यावरच खेकसले.

"तू कवा इचारलं? तू माझ्यावर चिडून ॲप काढलं. मला इचारून काढलं का?"

नव्हतं विचारलं, कपाळ!

मी "उतरलो"चं बटण लाल केलं, मोठं केलं, वाजतं केलं. कुणी दाबलं तर शपथ! काकांकडं जाऊन मी थयथयाट केला, एक बटण दाबायला लोकांच्या बापाचं काय जातं? ते शांतपणे म्हणाले, "उतरलेला मानूस मागं बघतो का? त्याची गाडी मिळाली, संपलं." शेवटी खात्री नसेल तिथं मिनिटं दाखवणंच मी बंद केलं. तिथं अक्षरं आली, "लागंल. बसून राहा." लोकांनी एक-एक तारा दिला. एकानं लिहिलं, यापेक्षा खिडकीतला माणूस बरा.

काका रिटायर झाले तेव्हा स्टँडवरच्या सगळ्यांनी मिळून त्यांना स्मार्टफोन दिला. नाशिकला लेकीकडं कायमचं जायच्या दिवशी ते पिशवी घेऊन दुकानात आले. "टाक बरं तुझं ते." मी टाकलं, दोन्ही बटणं दाखवली. मग ते स्टँडवर जाऊन आपल्याच खिडकीकडं पाठ करून बाकावर बसले. थोड्या वेळानं तिथूनच ओरडले, "ए इंजिनीअर, किती येळ?"

"लागंल!" मी म्हणाले. ते इतके हसले की चष्मा कपाळावरून घसरून नाकावर आला.

नगरची गाडी त्यांना घेऊन गेली आणि माझ्या स्क्रीनवर एक ठिपका हलायला लागला. त्या गाडीत तो एकच होता. करंजीच्या घाटात रेंज गेली तसा दिसेनासा झाला, पलीकडं पुन्हा उगवला. त्या दिवशी नगरपर्यंतच्या प्रत्येक फाट्यावर गाडीची वेळ बरोबर दिसली.

नगरच्या स्टँडवर ठिपका थांबला. मी मनात म्हटलं, झालं, आता हा गाडी बनून नाशिकपर्यंत फिरणार. तेवढ्यात स्क्रीनवर ओळ आली, "प्रवासी उतरला." दोन वर्षांत ते बटण कुणी दाबलं नव्हतं.

नकाशावर मग काहीच उरलं नाही.