अर्धा सूर खाली

सूतभरकाका कातारी होते. लेथवर लाकूड फिरवायचं आणि पटाशीने हवा तो आकार काढायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा उद्योग. पलंगाचे पाय, जिन्याचे कठडे, खुर्च्यांचे दांडे. गिऱ्हाईक म्हणायचं, "चालेल हो एवढं." काका म्हणायचे, "सूतभर राहिलंय." त्यांचं खरं नाव आता फक्त दवाखान्याच्या कागदावर उरलं होतं.

एका सकाळी संगीतशाळेतल्या बासरीच्या बाई दुकानात आल्या. त्यांच्या हातात तीनशे वर्षांपूर्वीच्या आडव्या बासरीचा नकाशा होता: चार तुकडे, सहा भोकं, शेवटाला एक पितळी चावी. बाई वाजवायच्या धातूची बासरी. पण त्या काळातला एक सोनाटा, म्हणजे बासरी आणि साथीच्या वाद्याची चार भागांची रचना, त्यांना तशाच लाकडी बासरीवर रेकॉर्ड करायचा होता.

काकांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. बासरीच्या आतली पोकळी सरळ नव्हती, खाली जाता जाता निमुळती होत होती. ते म्हणाले, "बाहेरचं काम माझ्या हातचं आहे. आतलं शिकावं लागेल."

शिकायला सात महिने गेले. पोकळी कोरायला त्यांनी जुनी कानस घासून हत्यार बनवलं. पहिल्या तीन बासऱ्या चिरल्या. काकू म्हणाल्या, "बायकोला कधी एवढं न्याहाळलं नाहीत." काका मान वर न करता म्हणाले, "तुझ्यात दुरुस्तीला जागाच नव्हती." काकूंनी त्या दिवशी चहा दोनदा दिला.

चौथी बोलली. मात्र तिला पाजलेलं तेल मुरायला वेळ लागला, आणि बाईंच्या हाती ती पडली थेट रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी. नव्या भोकांवर बोटं बसवण्यातच बाईंचा दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत काका-काकूही गेले. साथीला हार्पसिकॉर्ड होतं, तारा छेडून वाजणारी जुन्या घडणीची पेटी. पहिला सूर लागला आणि बाई थांबल्या. पुन्हा लावला, पुन्हा थांबल्या. बासरी पेटीपेक्षा पुरा अर्धा सूर खाली बोलत होती. कागदावर पट्टी होती ई मायनर, आणि रेकॉर्डिस्टच्या मशीनवर भलतीच दिसत होती.

रेकॉर्डिस्ट चांगला माणूस, पण त्याला घाई होती. बासरी थोडी कापून आखूड करता येईल का, असं त्याने विचारलं. बाईंनी काकांकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत ठपका नव्हता, पण काळजी होती, आणि काकांना तीच जास्त लागली.

त्यांनी खिशातून कॅलिपर काढला, नकाशा टेबलावर पसरला आणि एकेक माप सगळ्यांसमोर घेतलं. प्रत्येक भोक, प्रत्येक जोड. मग कॅलिपर मिटून ते शांतपणे म्हणाले, "माप चुकलं असेल तर इथेच मोडून टाकतो. चुकलेलं नाही. कापली तर भोकांचं एकमेकांशी नातं तुटेल. कापणार नाही."

कोपऱ्यात पेटी लावणारे म्हातारे गृहस्थ बसले होते. ते उठून आले, बासरी हातात घेऊन त्यांनी ती निरखली. मग सांगितलं, की त्या काळी बऱ्याच ठिकाणी सूरच आजच्यापेक्षा खाली धरत. बासरी तिच्या काळात बरोबर आहे, चूक आपल्या पेटीची. आणि कुरकुरत त्यांनी एकेक तार उतरवायला घेतली. तारा पुन्हा पुन्हा सरकत होत्या, म्हणून सगळी पेटी दोनदा लावावी लागली. दुपार झाली.

मग बाईंनी पहिला भाग धातूच्या बासरीच्या सवयीने जलद लयीत घेतला. खालचे सूर घुसमटले. बाईंनी डोळे मिटले, लय उतरवली, आणि प्रत्येक सुराला उमलायला जागा दिली. आता बासरी घुमली. काचेपलीकडे काका खुर्चीच्या कडेवर बसून होते. आपण कोरलेल्या पोकळीतून एवढं काही निघू शकतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. हाताला लाकडाचा वास होता, तोच हात त्यांनी तोंडावर धरला.

तबकडीबरोबरच्या पुस्तिकेसाठी बाई टिपणं करत होत्या. लय: संथ. पट्टी: ई मायनर, जुन्या सुरात. भाव: उदास. काकू मागून म्हणाल्या, "उदास कुठलं? माणूस रागावलाय, पण आवाज चढवत नाही." बाईंनी 'उदास' खोडलं आणि काकूंचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

तबकडी निघाली तेव्हा वादकांच्या नावांखाली वेगळी ओळ होती: बासरी घडवणारे. पुढे काकांचं पूर्ण नाव. काकूंनी ते मोठ्याने वाचलं, शेजारणीकडे नेऊन पुन्हा वाचलं. दोन महिन्यांत तीन वादकांची पत्रं आली, आम्हालाही अशीच हवी म्हणून. काकांनी तिघांना एकच उत्तर धाडलं: वर्षाला एक होईल, आणि सूर खालचाच राहील.

तिघांनीही होकार कळवला.