फोटोसाठी हसवलेलं मूल

मैत्रिणींनो, आज जे झालं ते लिहायचीही लाज वाटतेय, तरी लिहिते.

डोंबिवलीत मानपाड्याला मी घरीच पाळणाघर सुरू केलं, त्याला तीन आठवडे झाले. अजून मूल एकच आहे, दोन वर्षांचा अर्णव. आणखी मुलं यावीत म्हणून आज त्याच्या आईला विचारून त्याचे फोटो काढायला बसले. तो कुरकुरत होता, सारखा माझी ओढणी खेचत होता. शेवटी बिस्कीट दाखवून त्याला हसवलं आणि फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

थोड्याच वेळात त्याच्या आईचा ऑफिसमधून फोन आला. हळू आवाजात म्हणाली, "ताई, फोटो गोड आलाय. पण त्याची चड्डी ओली दिसतेय."

अर्धा तास तो मला तेच सांगत होता.

मी त्याचे कपडे बदलले, ग्रुपवरचा फोटो डिलीट केला. संध्याकाळी ती न्यायला आली तेव्हा सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही, त्याला उचलून घेऊन गेली. उद्या आणशील ना, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

डिलीट करण्याआधी तो फोटो बघून सोसायटीतल्या दोघींनी पाळणाघराची चौकशी केलीय. त्यांना काय सांगू?