शिबिराचं तेज

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मुलालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण आधी एक ऐकून घ्या — माझा चेहरा सुंदर आहे. एकोणसाठाव्या वर्षी जबड्याची रेघ अशी असलेली दुसरी बाई उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये दाखवा! तिथेच माझं पार्लर आहे, गेली तीस वर्षं. चेहऱ्यातलं मला कळतं, हे मी नाही, अख्खी गल्ली म्हणते.

हा चेहरा मी करून घेतलाय. फेसलिफ्ट — कातडी ताणून बसवायचं ऑपरेशन. तेव्हा सांगायची लाज वाटली — का, कोण जाणे. घरी म्हणाले, विपश्यनेच्या शिबिराला चाललेय. आमच्या बौद्ध घरात याहून सोयीचं कारण कुठलं? दहा दिवस मौन, फोन बंद, भेटायला कोणी येत नाही. मी मात्र वांगणीला एका फार्महाउसवर, डोक्याभोवती पट्टी, कानापुढे-कानामागे टाके. पहिल्याच सकाळी डावा गाल फुगून टणक झाला. रिक्षा करून अंबरनाथला, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे धावले. कातडीखाली रक्त साचलं होतं, ते त्यांनी काढलं. म्हणाले, थांबला असतात तर कातडी काळी पडली असती.

परतले तेव्हा उरलासुरला निळेपणा मी माझ्याच हाताने झाकला. विहारात सगळ्या म्हणाल्या, शिबिराचं तेज आलंय! मी हात जोडले. आवडलं मला ते — आता खोटं कशाला बोलू?

माझी धाकटी जाऊ सुनंदा बदलापूरला राहते. ते तेज बघून ती खरोखरच शिबिराला जाऊन आली. मन शांत झालं म्हणाली, गाल मात्र होते तिथेच. मग तिने सरळ फेसलिफ्ट करून घेतली — सगळ्यांना सांगून, पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवून. तिची हिंमत बघून मला राग आला. हो, रागच.

ती घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन. “ताई, एकाच साइडला गाल दगडासारखा झालाय हो. हे नॉर्मल असतं का? तुम्हाला चेहऱ्यातलं कळतं म्हणून विचारते. डॉक्टरकडे जाऊ का?”

मला माहीत होतं. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, तुम्हाला कसं ठाऊक? मग काय — कुठेतरी वाचलंय, म्हणता आलं नसतं? आलं असतं. सुचलंही होतं.

“सूज असेल, उतरेल दोन दिवसांत,” मी म्हणाले. “आणि आधीचा चेहरा काय वाईट होता गं तुझा?”

तिने दोन दिवस वाट बघितली. माझ्या शब्दावर. कानापुढची रुपयाएवढी कातडी गेली. तिथे आता डाग आहे, चकाकणारा, कायमचा.

डॉक्टरांना ती अजून बोल लावते, मला कधीच नाही. घरात लग्नकार्य असलं की केस माझ्याकडूनच करून घेते. डागावर बट कुठून सोडायची, हे माझ्या बोटांना शोधावं लागत नाही — माझ्या कानापुढच्या व्रणावर मी रोज तशीच सोडते. काम इतकं चोख होतं की डाग आहे हे कोणाला कळत नाही. सुनंदा आरशात बघते, खूश होते. म्हणते, “ताई, तुमच्यासारखा हात कोणाचाच नाही.”

खरं आहे ते.